घळीतले पांढरे बाण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. सांगायला बसलो की भलतंच बोलत राहतो — आताही तसंच होईल का?

आमची वाडी अकोले तालुक्यात, डोंगराच्या पोटाशी. आई-वडील डोंगर चढायचे ते हिरडा गोळा करायला, नाहीतर चुकलेलं जनावर शोधायला. त्याला ट्रेक म्हणतात, हे मला संगमनेरला कॉलेजात कळलं. घरातला पहिला पदवीधर मी, पाचवीपासून वसतिगृहात वाढलेला. डोंगर मला कितीसा ठाऊक असणार? पण ट्रेकच्या ग्रुपमध्ये सगळे म्हणाले, हा तर तिथलाच — आणि मी ते खोडलं नाही.

म्हणून डोंगरावरून आमच्या वाडीत उतरणाऱ्या वाटेवर रंगाने बाण काढायचं काम माझ्याकडे आलं. वडिलांना विचारता आलं असतं. लाज वाटली. एप्रिलात एकटाच गेलो. कोरड्या घळीतून सरळ उतरता येत होतं. दगडांवर पांढरे बाण काढत मी हौसाकाकूच्या घरामागे बाहेर पडलो. ही माझी चुलती. ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी करून घालायची. तिनं मला पाणी दिलं, बाणाकडे पाहिलं.

"आरं, पावसात हितून पानी उतरतंय. मानसं घालू नको हितून."

मी हसलो. हिला नकाशातलं काय कळतं — हो, असंच मनात आलं माझ्या.

जुलैत पुण्याची तीन मुलं त्या बाणांमागे घळीत उतरली. लोंढा आला. एका मुलीचा पाय मोडला. हाका ऐकून सगळ्यात आधी धावली ती काकूच.

मग वाडीत बैठक बसली. बाण कुणी काढले? ते तर हौसाबाईच्या दारात निघतात!

"हाटेल चालावं म्हनून वाट वळवली व्हय गं?" कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"मला बान काढता येतोय व्हय रं, बाबांनो?" ती म्हणाली. एवढंच.

मी समोरच बसलो होतो. आमच्या ग्रुपमधलं तिथे कुणी नव्हतं. खरं माहीत असलेले आम्ही दोघंच. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. वाडीतला शिकलेला पोरगा म्हणून मला सांभाळलं? की माझ्या तोंडून यायची वाट पाहिली? मी सतरंजीचे दोरे उपसत राहिलो.

त्यानंतर ट्रेकवाले तिच्याकडे थांबेनात. दारातली चूल तिनं मोडून टाकली.

आता मी शिक्षक आहे. पूर्वी ती मला नुसतं 'आरं' म्हणायची. आता वाटेत भेटली की पदर सारखा करते आणि 'गुरुजी' म्हणते. मी मान हलवतो आणि पुढे जातो.