नाना आणि उन्हाळी शिबिराचा तिसरा दिवस

नाना आमच्या वाचनालयाच्या दारातून शेवटचे बाहेर गेले, तेव्हा मी बोकडाचा आवाज काढत होते.

आणि माझ्यासोबत बावीस मुलं.

आज वर्ष झालं. हे मी आजवर कुणालाच नीट सांगितलेलं नाही.

नाना आमच्या पाचोऱ्याच्या वाचनालयाचे ग्रंथपाल. मी त्यांची असिस्टंट.
मे महिन्यात मुलांचं वाचन शिबिर ही त्यांचीच आयडिया. सकाळी नऊ ते अकरा, ऊन तापायच्या आत.
शिबिराच्या आधी आजूबाजूच्या गावांतल्या वाचनालयांचा स्टाफ बोलवायचे. कुठल्या वयाला कुठलं पुस्तक, गोष्ट मोठ्यानं कशी वाचायची, सगळं शिकवायचे.

मी मात्र सतरंज्या टाकायचे, पाण्याचे जार भरायचे, हजेरी घ्यायचे. वाचायला कधी पुढे झाले नाही.
मुलांसमोर उभं राहिलं की माझा आवाजच बसायचा.

नाना ऑफिसात अगदी पुस्तकी मराठी बोलायचे. मनातलं काही असलं की अहिराणी.
"माले बी भ्याव वाटस, मनीषा. बठ्ठास्ले वाटस. तरी वाचनं पडस."

त्यांनाही भीती वाटते, सगळ्यांनाच वाटते, हे मला खरं वाटायचं नाही. मी हसून टाळायचे.

तिसऱ्या दिवशी ते शाळेत शिरलेल्या बोकडाची गोष्ट वाचत होते. मुलं लोळून हसत होती. पहिल्या रांगेत त्यांची नात आर्या. नऊ वर्षांची.

मध्येच नाना थांबले. पुस्तक माझ्या हातात दिलं.
"जरा धर. पाणी पिऊन येतो."

चेहरा राखेसारखा झाला होता. कपाळावर घाम.

ते ऑफिसात गेले. मग खुर्ची पडल्याचा आवाज आला.

मी धावले. नाना फरशीवर. आमचे शिपाई रमेशभाऊ आधीच फोनवर होते, ॲम्ब्युलन्सला पत्ता सांगत.
मी खाली बसले. त्यांचा हात धरला. बर्फासारखा थंड. मे महिन्यात.

नानांनी हात सोडवून घेतला. हॉलकडे बोट केलं.
"पोरेस्कडे जाय. आर्या शे तठे."

त्यांना तसं सोडून मला मुलांकडे जायचं नव्हतं. देवाशपथ नव्हतं जायचं.
पण हॉलमधून बाहेर पडायला ऑफिससमोरूनच वाट. एक जरी मूल उठून आलं असतं, तर त्याला सगळं दिसलं असतं.

मी परत गेले. हॉलचं दार मागे ओढून घेतलं.

"आबा कुठे गेले?" आर्यानं विचारलं.
"फोन आलाय त्यांना. येतीलच."

आणि मी वाचायला लागले. आयुष्यात पहिल्यांदा. अक्षरं नुसती हलत होती. एकच ओळ दोनदा वाचली, तरी कुणी काही बोललं नाही.
कान सगळे दाराकडे.

सायरन ऐकू आला. चार-पाच मुलं उठायला लागली.
काय करावं सुचेना. तोंडातून निघून गेलं, "चला, सगळ्यांनी मिळून बोकडाचा आवाज काढायचा! ज्याचा मोठा, तो पहिला!"

बेंऽऽऽ.

अख्खा हॉल दणाणला. दारापलीकडून स्ट्रेचरची चाकं गेली, ती फक्त मला ऐकू आली, असं मला वाटलं.
सगळ्यात मोठा आवाज आर्याचा होता.

अकराला पालक आले. आर्याची आई आली तेव्हा तिला बाजूला घेऊन सांगितलं.
नाना जळगावच्या रस्त्यातच गेले.

त्यानंतर आर्याच्या आईला लांबून पाहिलं तरी मी गल्ली बदलायचे.
त्यांच्या घरी भेटायला गेले नाही. मी त्या मुलीशी खोटं बोलले होते. तिचा आबा दहा पावलांवरून चालला होता, आणि मी तिला काय करायला लावलं!
ती कधीतरी विचारेल, याची भीती. झोपतानाही, जेवतानाही.

गेल्या महिन्यात शिबिराची नावं घेत होते. काउंटरसमोर आर्या उभी. मागे आई.

मला पळून जावंसं वाटलं.

"मॅडम, तुम्हाला माहीत होतं ना?"


"हो."

"मला पण. दार नीट लागलं नव्हतं. आबांचे पाय दिसत होते."

"मग तू बोलली का नाहीस गं?"

"भीती वाटली. तुम्ही वाचायचं थांबवलं असतं, तर ते खरं झालं असतं."

आई म्हणाली, "वर्षभर त्या दिवसाबद्दल घरी एक शब्द बोलली नाही. म्हणे, मॅडमशीच बोलायचंय."

मी काउंटरच्या बाहेर आले. आम्ही दोघी तिथेच खाली बसलो. त्या दिवसाचं सगळं मी तिला खरं खरं सांगितलं.

या वर्षी गावांतल्या स्टाफचं ट्रेनिंग मीच घेतलं. एका नव्या मुलीनं विचारलं, "मॅडम, मुलांसमोर असं काही वाईट घडलं तर काय करायचं?"

मी म्हटलं, "हॉल सोडू नका. खोटं बोलावं लागलं, तर बोला. पण मुलांना कळतं. नंतर लवकरात लवकर जाऊन खरं सांगा. मी एक वर्ष लावलं. एक लेकरू तेवढा वेळ एकटंच घाबरत होतं."

 

उद्यापासून शिबिर. वाचणार मीच. भीती आत्ता हे टाइप करतानाही वाटतेय.

नाना, मी तुम्हाला तसंच सोडून गेले होते. माफ करा.

तुम्हाला मनापासून नमस्कार.