मावंद्याच्या आदल्या दिवशीचा निरोप

हे मी कुणालाच सांगितलेले नाही. बायकोलाही नाही. आई गेल्या साली गेली. तिला सांगायचे राहून गेले असे लिहिणार होतो, पण ते राहून गेले नाही. मी राहू दिले.

आठ वर्षे झाली. धानाची रोवणी आटोपल्यावर आईला काशी घडवून आणली. छोट्या रेल्वेगाडीतून अर्जुनीला उतरलो आणि बैलबंडीने केशोरीला, आमच्या गावी आलो, तर वाटेत माणसे आईच्या पाया पडत होती. माझ्याही. काशीत आवडीचे काहीतरी सोडून यायचे असते. मी सीताफळ सोडले.

गंगेचा गडू देवापुढे ठेवला. पाचव्या दिवशी मावंदे धरले, म्हणजे गंगेची पूजा आणि गावाला जेवण. पाऊस उघडायला तयार नव्हता, पण आमंत्रणे गेली होती.

माझी धाकटी बहीण सरू दोन कोसांवर, नदीकाठच्या गावात दिलेली. आम्ही घरी पोचलो त्याच दिवशी तिला मुलगा झाला. मावंदे उरकले की आई बघायला जाणार होती.

मावंद्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी गोठ्यात होतो. सरूच्या गावचा उरकुडा ढिवर तिथे आला, कमरेपर्यंत भिजलेला.

"मालक, सरूबाईच्या आंगनात पानी घुसून राहिलं. चार दिवसाची बारतीन हाये, पायानं कशी निंगन? जावईबापूनं आताच बंडी मांगितली."

मी म्हणालो, "तू हो पुढं. मी आलोच."

तो गेला. आणि मी — कसे लिहू? — मी बैलांकडे बघत उभा राहिलो. बाळंतीण घरात आली की विटाळ आला. मग गंगेची पूजा कशी व्हायची? सांगून ठेवलेल्या गावाला काय सांगायचे? एका दिवसाचाच तर प्रश्न, असे मनाशी म्हटले. नदी दरवर्षीच अंगणापर्यंत येते, हेही म्हटले. आई आत डाळ निवडत होती, दहा पावलांवर. तिला कळते तर तिने गडू फडताळात सरकवून आधी बंडी काढायला लावली असती. मला हे ठाऊक होते, म्हणूनच मी तिला सांगितले नाही. संध्याकाळी तीच बंडी पत्रावळी आणायला धाडली.

दुसऱ्या दिवशी पंगती उठत होत्या आणि बातमी आली, रातोरात गाव बुडाले. मी धावलो. सरू देवळाच्या ओट्यावर होती, ओल्या लुगड्यात, पोर छातीशी धरून. छातीभर पाण्यातून चालत आली होती. पोर तिसऱ्या दिवशी गेले. नाव ठेवायचे होते अजून.

जावयांनी विचारले, निरोप मिळाला नाही का? मी म्हणालो, नाही.

एवढेच. एकच शब्द.

उरकुडाला चावडीवर बोलावले. तो म्हणाला, "मी सांगतलो जी. गोठ्यातच सांगतलो." लोक हसले. मोहाची ढोसून कुठे पडला होतास, कुणीतरी विचारले. म्हातारा पाटील म्हणाला, "आताच गंगा करून आला थो. लबाड बोलन काय रे?" उरकुडाने माझ्याकडे पाहिले. मी खाली पाहिले. माझ्या गळ्यात काशीचा काळा गंडा होता.

त्यानंतर त्याच्या हाती कुणी निरोप दिला नाही. लग्नाच्या अक्षताही दुसऱ्याकडून जात. एकदा बाजारात समोर आला. मला वाटले, शिव्या देईल. नुसते विचारले, "मावंदं बराबर झालं ना, मालक?" आणि मासळीची टोपली उचलून गेला. दोन वर्षांपूर्वी तो वारला. मी मातीला गेलो नाही.

सरूने मला कधी बोल लावला नाही. लावणार कशाला? दादाले कळलं असतं तं थो पोहत आला असता, असे ती अजून लोकांना सांगते.

तिच्या नव्या घरामागे सीताफळ आहे. यंदा दिवाळीनंतर गेलो तेव्हा तिने पिकलेली फळे पोरांपुढे ठेवली. धाकटी पोर एक फळ माझ्यापुढे घेऊन आली. सरूने तिचा हात मागे घेतला.

"मामाले नको देऊ," ती म्हणाली. "त्यानं काशीले सोडलं. मामा आपला शब्द पारते."

मी पाणी मागितले आणि प्यालो.