रेडिओची बायको

दुकानावर पाटी होती, पण तिच्यावरचं नाव कुणाच्या ध्यानात नव्हतं. लोक म्हणायचे, "जरा रेडिओकडे जाऊन येतो." गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा आणि मानेवरचे केस झटकेपर्यंत चालू राहायचा. अर्धीच मिशी काढून झाल्यावर खुर्चीतून पळालेला नवरदेव, टोप घालून केस कापायला आलेला तपासनीस... गोष्टी त्याच, पण दर वेळी त्यात चार माणसं वाढलेली.

दुकानामागे पडदा होता आणि पडद्यामागे स्वयंपाकघर. तिथे त्याची बायको असायची. ती दिवसभरात जेवढे शब्द बोलायची, तेवढे तो एका कल्ल्यावर खर्च करायचा. गोष्टीत कुठे अडला की तो हाक मारायचा, "अगं, तो कंपाउंडर कुठल्या गल्लीतला?" आतून एकच शब्द यायचा, "मागच्या." खुर्चीतलं गिऱ्हाईक हसायचं. शेहेचाळीस वर्षं असंच चाललं होतं. आळीतल्या कुठल्या घरात भांडण पेटलं की मोठी माणसं पोरांना म्हणायची, "रेडिओचं घर बघा. जोडा असावा तर असा." हेडमास्तर तर दर महिन्याला तेच बोलायचे, "आमच्याकडे दोघंही बोलतो, म्हणून कुणीच ऐकत नाही."

मग त्याचा आवाज बसला. तीन महिने त्याने ते थट्टेवारी नेलं, "रेडिओला खरखर येते, जुना झालाय." तपासणीचा कागद आला तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सरळ सांगितलं. स्वरयंत्रात गाठ आहे. ते काढावं लागेल. जीव ठेवायचा तर आवाज जाईल.

ऑपरेशनच्या सकाळी त्याला चाकांच्या खाटेवरून नेलं, तेव्हाही तो वॉर्डबॉयशी बोलत होता. दार बंद होता होता त्याने मान वळवून तिला काहीतरी सांगितलं. कुणाची तरी ट्रॉली खडखडत गेली आणि तिला ते ऐकूच आलं नाही. पुढे तिने दोनदा विचारलं, "तेव्हा काय म्हणालात?" दोन्ही वेळा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

घरी आला तो गळ्याच्या खालच्या भागात भोक घेऊन. श्वास तिथूनच यायचा आणि जायचा, फुस्स फुस्स असा. लिहायला दवाखान्यातून एक पांढरी पाटी दिली होती. ती त्याने उशाखाली सारली आणि बाहेर काढली नाही. दुकान बंद झालं. गिऱ्हाइकं पंधरा दिवस भेटायला आली, मग त्यांचे केस वाढले आणि ती दुसरीकडे गेली. लेक आठ दिवस राहिली, नोकरी होती म्हणून परतली. जाताना म्हणाली, "आई, बाबांशी बोलत जा गं." तिने लेकीच्या हातात डबा दिला. बोलायचं म्हणजे काय करायचं, हे तिला या वयात कोण शिकवणार?

तो जेवेनासा झाला. वाटी तोंडाजवळ नेली की ओठ घट्ट मिटायचा. एका सकाळी त्याने आपणहून पाटी काढली. तिचा जीव भांड्यात पडला. त्याने लिहिलं, "खूप झालं. आता मला जाऊ दे."

ती स्वयंपाकघरात जाऊन खाली बसली. गॅसवर दूध उतू गेलं तरी उठली नाही. मग उठली, पडदा सारून दुकानात गेली आणि दोन्ही हातांनी शटर वर ढकललं. समोरून पोस्टमन चालला होता. त्याचे केस कानांवर आले होते.

"बसा," ती म्हणाली.

"वहिनी, तुम्ही?"

"बसा म्हणते ना."

नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. तिने कापड बांधलं, कात्री उचलली. शेहेचाळीस वर्षं ऐकलेलं काम तिने कधी नीट पाहिलंही नव्हतं. डाव्या कानावर एक बोकडाने खाल्ल्यासारखी जागा झाली. दुकानात इतकं शांत होतं की तिला ते सोसवेना, म्हणून ती बोलायला लागली. अर्ध्या मिशीचा नवरदेव. पण तिने शेवट आधी सांगितला आणि सासऱ्याला मामा करून टाकलं.

आतून आवाज आला, ठक ठक. पाटी भिंतीवर आपटत होती.

तिच्या हातातली कात्री थांबली. मग तिने मुद्दाम आणखी चुकीचं सांगायला घेतलं. "आणि तो नवरदेव," ती मोठ्याने म्हणाली, "घोड्यावरून पळाला." घोडा गोष्टीत कधीच नव्हता.

पडदा हलला. तो उभा होता, हाडांचा सापळा, गळ्यावर जाळीचं फडकं. पोस्टमनच्या डोक्याकडे त्याने असं पाहिलं, जसं कुणी स्वतःचं जळालेलं घर पाहावं. पुढे आला आणि तिच्या हातातून कात्री काढून घेतली.

"दादा," पोस्टमन म्हणाला, "पाच मिनिटं आधी आला असतात, तर डावी बाजू वाचली असती."

त्याचे खांदे हलायला लागले. गळ्यातून नुसती हवा येत होती, पण तो हसत होता.

त्यानंतर सात महिने दुकान चाललं. बारीक केस श्वासात जाऊ नयेत म्हणून तो फडक्यावर दुसरं फडकं बांधायचा. तो कापायचा आणि ती आरशाशेजारच्या स्टुलावर बसून त्याच्या गोष्टी सांगायची. चुकली की तो खुर्चीच्या दांडीवर कंगवा वाजवायचा. माणसं परत आली. ज्यांना केस नव्हते तीही आली. पुन्हा सगळे म्हणायला लागले, जोडा असावा तर असा. तो खोकला की तिचं वाक्य तुटायचं. ती गोष्ट अर्धी टाकून आत जायची, मोरीचा कठडा धरून उभी राहायची आणि खोकला थांबला की येऊन पुढचं वाक्य बोलायची. ते मात्र कुणी पाहिलं नाही.

सातव्या महिन्यात जबड्याखाली गाठ लागली. फुप्फुसातही पसरलं होतं. डॉक्टर म्हणाले, "आता घरीच ठेवा." त्याला बाहेर बाकावर बसवून ती एकटीच पुन्हा आत गेली.

"साहेब, माझ्या गळ्यातलं काही काढून त्यांना बसवता येत असेल तर बघा. मला फारसं लागत नाही."

डॉक्टरांनी टेबलावरचं पेन उचलून दुसरीकडे ठेवलं. ती तशीच उभी राहिली. शेवटी नर्सने तिला दंडाला धरून बाहेर आणलं.

त्याची खाट दुकानातच टाकली. त्यालाच तसं हवं होतं. ती सकाळपासून बोलायची. थांबली की तो डोळे उघडायचा, म्हणून थांबायची नाही. सगळ्या गोष्टी संपल्या, दोनदा-तीनदा सांगून झाल्या. मग एका दुपारी तिने तोंडातून कधी न काढलेली गोष्ट काढली.

"आपलं पहिलं बाळ गेलं ना, त्या वर्षी मी पिशवी भरून बसस्टँडवर गेले होते. तुम्ही बाळ गेलं तरी दुकानात बोलतच होतात. मला ते ऐकवेना. तीन बस सोडल्या मी. मग परत आले."

त्याने पाटीसाठी हात पुढे केला. लिहिलं, "चार."

पाटी स्वतःकडे ओढून त्याने पुढे लिहिलं,

"समोरच्या टपरीत होतो."

"मग हाक का नाही मारलीत? जगाशी बोलत होतात, आणि मला एक हाक मारता आली नाही?"

त्याला लिहायला बराच वेळ लागला. "हाक मारली असती तर तुला येणं भागच पडलं असतं. तुला जायचं असतं तर?"

तिला रागच आला. "इतकी वर्षं पोटात ठेवलंत?"

त्याने खाली लिहिलं, "सगळंच सांगायचं नसतं." आणि दमून डोळे मिटले. तिने पाटी पुसली नाही. त्याचा हात हातात घेतला आणि पहिल्यांदा त्याच्यासमोर मोकळेपणी रडली. तो काहीच करू शकत नव्हता. बोटांनी तिचं मनगट दाबत राहिला.

त्यानंतर अकराव्या दिवशी, ऐन दुपारी, टोपवाल्या तपासनिसाची गोष्ट चालू असताना फुस्स फुस्स थांबलं. तिला कळलं. पण ती थांबली नाही. ती थांबली की ते खरं होणार होतं. तिने गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, मग दुसरी सुरू केली. पोस्टमन दाराशी आला, त्याने खाटेकडे पाहिलं, टोपी काढली आणि तिचं बोलणं संपेपर्यंत उंबऱ्यातच उभा राहिला. ते संपायला बराच वेळ लागला.

संध्याकाळी आळी जमली. लेक आली, आईच्या गळ्यात पडली. हेडमास्तर जवळ बसले आणि डोळे पुसत म्हणाले, "वहिनी, शेहेचाळीस वर्षांचा असा संसार कुणाच्या नशिबी येतो? तुम्ही भाग्यवान."

तिने त्यांच्याकडे पाहिलं.

"पुरला नाही," ती म्हणाली.

लेकीने तिला उठवून आत नेलं.