फिंटनच्या रायफलीचा बोल्ट

फिंटन मला पहिल्यांदा दिसला तो रायफलीच्या लाकडी दस्त्याचा वास घेताना. चक्क नाक लावून!

मी परदेशी, कासलबारला, लेकीकडे आले होते तीन महिन्यांसाठी. मग लॉकडाऊन लागला आणि विमानं थांबली. अश्लेषा इथल्या हॉस्पिटलात. ड्यूटीवरून आली की जेवायची आणि झोपायची. उभं आयुष्य भरल्या थिएटरसमोर गायलेली बाई मी. आता समोर फक्त परसातली कमरेएवढी भिंत, आणि तिच्यापलीकडे हा सत्तरीचा सडाफटिंग.

"काय हुंगताय?" मी विचारलं.

"जवसाचं तेल. सैन्यात दस्त्याला तेच चोळायचे. हिला कुणीतरी व्हार्निश फासलंय. वाया गेली बिचारी."

सैन्यातून मोडीत निघालेल्या जुन्या रायफली तपासायच्या, हे त्याचं काम. त्याचा परवाना होता त्याच्याकडे. अस्सल किती, जोडजाड किती आणि किंमत काय, हे तो सांगे. नळीवर, बोल्टवर, खालच्या लाकडावर कारखान्याने एकच नंबर ठोकलेला असतो. तो सगळीकडे जुळायला हवा. बोल्ट म्हणजे गोळी आत ढकलून दार बंद करणारा वीतभर लोखंडी दांडा. त्याला ओढायला एक गोल मूठ. आकड्यांच्या कडा बोटाला टोचल्या तर फिंटन खूश. गुळगुळीत लागल्या तर समजायचं, घासून नवा रंग चढवलाय.

"आमच्या नाटकात शिपायाची लाकडी बंदूक होती," मी म्हटलं. "दर प्रयोगाआधी बूटपॉलिशने चमकवायचो."

त्याने छातीवर क्रूस काढला. "मिसेस, हे पुन्हा कुणाला सांगू नका."

वर्षभर आम्ही असे भिंतीवरून बोलत होतो. त्याच्याकडे दुसरं कुणी येत नव्हतं, माझ्याकडेही नाही.

जानेवारीत त्याचा मित्र डर्मट गेला. दर रविवारी दोघं नेमबाजीला जायचे. अंत्यविधीला दहाच माणसांची मुभा. फिंटन त्या दहांत नव्हता. इथल्या रिवाजाप्रमाणे बाकीचे रस्त्याच्या कडेला लांब लांब उभे राहिले. शववाहिका त्यांच्यापाशी जरा हळू झाली आणि पुढे गेली. फिंटन घरी आला तरी टोपी हातातच होती, आणि डोकं भिजलेलं.

डर्मटच्या बायकोने, नोराने, नवऱ्याची रायफल त्याच्या हवाली केली. परवाना नसताना तिला ती घरात ठेवता येत नव्हती. "अगदी अस्सल आहे म्हणून सांगायचा सगळ्यांना," ती म्हणाली. "चांगला भाव आण रे, फिंटन. छप्पर गळतंय."

दुसऱ्या दिवशी तो भिंतीशी आला, हातात फडक्यात गुंडाळलेला त्या रायफलीचा बोल्ट, चेहरा उतरलेला. "बोल्टचा नंबर जुळत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे किंमत निम्मी. आणि डर्मट खोटा." त्याने कपाळ चोळलं. "पण आम्ही दोघांनी बरोबरच घेतल्या होत्या. मीच तपासल्या होत्या. तेव्हा सगळं जुळत होतं."

बोलता बोलता तो थांबला, आत गेला आणि स्वतःच्या रायफलीचा बोल्ट घेऊन आला. फडक्यावर दोन्ही शेजारी ठेवले. नंबर बघून भिंतीवरच हात टेकून उभा राहिला. डर्मटचा बोल्ट फिंटनच्या रायफलीत होता, फिंटनचा डर्मटच्या.

"एकाच टेबलावर उघडून साफ करायचो," तो म्हणाला. "एकच तेलाची बाटली. गप्पांत कधीतरी..."

"तुम्ही? आणि पुन्हा कधी पाहिलं नाहीत?"

"एकदा तपासलेली रायफल. आणि डर्मट समोर बसलेला. कशाला पाहीन?"

मला राहवलं नाही. "मग राहू द्या की त्याचा तो तुमच्याकडेच! नोराला सांगा, नाही जुळलं."

"छप्पर गळतंय तिचं." त्याने आपल्याकडचा बोल्ट उचलला. "एवढीच त्याची वस्तू होती माझ्याकडे. मला ठाऊकही नव्हतं."

त्याच दुपारी त्याने अदलाबदल केली. डर्मटची रायफल पुरी अस्सल ठरली. किलकेनीच्या एका हौशी माणसाने ती चांगल्या भावाने घेतली, आणि नोराच्या छपरावर माणसं चढली.

त्यानंतर बरेच दिवस फिंटन भिंतीशी आला नाही. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. एका दुपारी शेडचं दार उघडं होतं. स्वतःची रायफल मांडीवर घेऊन तो डर्मटकडून परत आलेला बोल्ट तेलाने पुसत होता.

"काय म्हणतेय?" मी भिंतीवरून हाक मारली.

"ग्रँड. सगळे नंबर जुळले." मग त्याने बोल्ट उन्हाकडे धरला. "ही मूठ बघा, मिसेस. एका बाजूने झिजलीय. डर्मट डावखुरा होता."

फडकं दांड्यावरून फिरलं, आकड्यांवरून फिरलं, कडाकपारीतून फिरलं. मुठीपाशी आलं आणि थांबलं. मूठ न पुसताच त्याने बोल्ट आत सरकवला.