हीनाच्या मारामाऱ्या

आमच्या थेरगावच्या इमारतीत मारामाऱ्या लिहिणारी बाई राहते, हे सांगून कुणाला पटत नाही. हीनानं जन्मात कुणाला चापट मारलेली नाही. पण मोबाइलवरची तिची कथामालिका वाचून लोक विचारतात, लेखक पैलवान आहे का?

तालीम मिळाली ती नवऱ्याकडून, आणि तोही पैलवान नव्हे. अजिमचं डांगे चौकाजवळ गॅरेज होतं. दारात गाडी लावण्यावरून भांडण पेटलं आणि एकानं टायर काढायची लोखंडी टॉमी त्याच्या पाठीत घातली. कमरेखालचं सगळं गेलं. डॉक्टरांनी हीनाला बाजूला घेऊन सांगितलं, हे आता उठणार नाहीत. अजिमला तिनं ते सांगितलेलं नाही. तो विचारतो, ती म्हणते, वेळ लागेल.

पहिला भाग तिनं मला, शेजारीण म्हणून, वाचून दाखवला. हिरो लांबलचक डायलॉग मारत टोळीच्या टोळी लोळवत होता. मी आपली छान छान म्हणत होते. पलंगावरून अजिम म्हणाला, "बोलायला तोंडात थुंकी तरी ऱ्हाते का? घसा कोरडा पडतो. आधी पायातली चप्पल जाती. आन् सोडवायला येणारा आपल्याच माणसाला मागनं धरतो. मग समोरचा निवांत मारतो."

हीनानं मान वर केली नाही. त्या दिवशी अजिमला मागून धरणारा त्याचा सख्खा भाऊ शोएब होता. भांडण थांबावं म्हणूनच धरलं होतं बिचाऱ्यानं. तरी मला त्याचा राग येतो. तो फळं घेऊन जिना चढताना दिसला की मी दार लोटून घेते.

पुढं प्रत्येक मारामारी अजिमच्या हाताखालून जायची. मूठ अशी वळत नाहीत, मार तेव्हा नाही, नंतर दुखतो, असं तो बोलायचा आणि ती लिहिलेलं खोडून पुन्हा लिहायची. त्या वेळी दोघं जरा बरी दिसायची.

मग एका भागात हिरोच्या पाठीत टॉमी बसली. हिरो पडला तो पडलाच. वाचक खवळले. हिरोला उठवा, नाहीतर वाचणं सोडतो, म्हणाले. हीना बरेच दिवस अडून बसली. शेवटी तिनं त्याला उठवला.

तो भाग तिला अजिमला ऐकवायचा नव्हता. त्यानं हट्टच धरला. तिनं वाचलं, तो डोळे मिटून ऐकत होता. आता चूक काढणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. त्यानं काढली नाही.

"उठायला किती वेळ लागला त्याला?" त्यानं विचारलं.

हीनानं फोन मांडीवर पालथा ठेवला.

"तू लिव्हलंयस, तुला म्हाईत आसंल."

तिचे डोळे भरून आले. त्यानं ते पाहिलं, आणि नजर छताकडे वळवली.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "उठला तेवढंच परत वाच."

तिला वाचवेना. फोन मी घेतला, आणि त्या हिरोला पुन्हा उठवला.