थंड इंजिन आणि नानांची चावी

समस्त गावकऱ्यांस कळविण्यात येते की, काल भल्या सकाळी शिंदखेड्याजवळच्या आमच्या गावात एक ऐतिहासिक परीक्षा पार पडली. परीक्षक माझे वडील, म्हणजे नाना. परीक्षार्थी माझी लेक. बक्षीस नानांच्या जुन्या डिझेल गाडीची चावी, जी त्यांनी मलाही कधी दिली नव्हती!

थंडीने हात बधिर झाले होते. लेकीने गाडी सुरू केली आणि नुसती गुरगुरू दिली. मला कुठला धीर!

"अगं, रेस दे, गरम होईल!"

"पप्पा, तुम्ही गोधडीतून उठल्या उठल्या पळता का?"

मग तिने गाडी अलगद काढली. रस्त्यावर सायकलवाल्या दूधवाल्याने आम्हाला मागे टाकत विचारलं, "भाऊ, धक्का मारू का?" लेक ढिम्म. तिच्या शेजारी बसलेले नानाही ढिम्म. हिवाळ्यात बैल जुंपल्यावर नांगराचं पहिलं तास ते असंच सावकाश काढायचे.

अखेर इंजिनाच्या तापमानाचा काटा वर आला आणि गाडी झोकात निघाली. माझी छाती फुगली, तेवढ्यात लेकीला चावी बहाल करत नाना ओरडले, "चावी आते तुना जोडेच राहू दे, बेटी! तुना बापले बैल बी समजनात नही!"