मागच्या पायांवर उभी केलेली पेटी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. परभणीकडे घरी फोन करतो, तेव्हाही नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते माझं मलाच नीट कळत नाही.

सातवीनंतर शाळा सोडली, बरीच वर्षं इकडेतिकडे काढली आणि पनवेलला आलो. तात्यांनी मला त्यांच्या रिपेरिंगच्या दुकानात घेतलं, दाखला न विचारता. गिऱ्हाइकाला सांगायचे, हा आमचा सातवी पास इंजिनियर. मी लाजायचो. आवडायचंही.

तात्यांचा जीव जुन्या, हातात धरून न्यायच्या ऑसिलोस्कोपवर. विजेची लाट हिरव्या रेषेत दाखवणारी ती पेटी — काय विचार करून बनवलेली! मूठ फिरवली की तिचाच टेकू व्हायचा. झाकणात वायरी ठेवायला जागा. आणि पाठीला चार पाय. त्यांना वायर गुंडाळायची, नि पेटी त्यांच्यावर उभी करायची, म्हणजे टेबल मोकळं. आता कोण करतं असं?

एका दुपारी तात्यांनी एक पेटी खोलली. बाहेरचं कव्हर काढायचं तर आधी ते पाय काढावे लागतात. मग ते जेवायला घरी गेले. मलाही डबा उघडायचा होता, टेबलावर जागा नव्हती — रोजच्या सवयीनं मी पेटी उभी केली. पायच नव्हते. सगळं वजन, जिच्या तोंडावर ती हिरवी रेषा उमटते, त्या काचेच्या नळीच्या मागच्या टोकावर. बारीकसा आवाज आला, सुस्स... मी ती परत आडवी ठेवली, होती तशी. आणि जेवलो. हो, जेवलो.

तात्या आले. नळीच्या मानेतला चकचकीत डाग पांढरा पडला होता. आत हवा शिरली की तसा पडतो. ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. मग स्वतःच्या हातांकडे. त्या वर्षी त्यांचे हात थरथरायला लागले होते.

"माजाच धक्का लागला आसंल," ते म्हणाले. "आता या हातांचा भरवसा नाय."

तेव्हा बोलायला नको होतं का मी? तोंड उघडलंही होतं. पण नोकरी गेली तर करंजाड्याची भाड्याची खोली — नाही, ते राहू दे. मी डबा धुवायला उठलो.

त्या दिवसापासून तात्यांनी स्क्रूड्रायव्हर हातात धरला नाही. त्यांची खुर्ची मला मिळाली.

ते अजून दुकानात येतात. बाकावर बसतात, हात मांड्यांखाली घेऊन. गेल्या आठवड्यात मी एका पेटीत दुसरी नळी बसवली, रेषा उमटली. तात्या पुढे झुकून बघत राहिले.

"तुजा हात चांगला हाय," म्हणाले. "माजा नाय ऱ्हायला."

मी हो म्हणालो.